दारणेच्या फुगवट्यात होडीचं ॲव्हरेज: ९.९ एचपीचं आउटबोर्ड इतकं पेट्रोल का पितं?

दारणाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आमची दारणा धरणाच्या फुगवट्यात मासेमारी आहे. होडी फायबरची, १६ फुटी, मागे ९.९ एचपीचं टू स्ट्रोक आउटबोर्ड. पहाटे जाळी उचलायला जायचं, येताना माल, ओली जाळी आणि आम्ही तिघं. जाऊन-येऊन १२ किलोमीटरच्या आसपास अंतर पडतं. एवढ्याला पाच लिटर पेट्रोल जातं. घोटीच्या पंपावर लिटरला शंभराच्या वर मोजतो, म्हणजे उजाडायच्या आत पाचशेची नोट गेलेली असते. जाळ्यात फक्त चिलापी आली तर त्या दिवशी हातात काही उरत नाही.

माझी मोटरसायकल लिटरला पन्नासच्या वर देते. तिचं इंजिनही जवळपास याच ताकदीचं. मग होडी अडीच किलोमीटरच का देते? इंजिनाची सर्व्हिस झालेली आहे, धूर नेहमीइतकाच आहे, एका झटक्यात सुरू होतं.

विचारायचं ते हे: तुमच्या होड्या किती देतात? आणि फोर स्ट्रोक घेतलं तर खरंच फरक पडतो का? सोसायटीत दोघं-तिघं घ्यायच्या विचारात आहेत, सगळ्यांच्या कामाला येईल.

गोदातीर

लिटरला अडीच? बाप रे. आमचा ट्रॅक्टर लाजेल. वाचतोय, जाणकार येऊ द्या.

सातपूरचा_फिटर

दारणाकाठ दादा, आधी बाईकची तुलना डोक्यातून काढा. सपाट रस्त्यावर ४०-५० च्या वेगाने जाताना बाईक दोन-तीन एचपीच वापरते. तुमचं आउटबोर्ड पूर्ण रेसवर तासभर सगळेच्या सगळे एचपी ओढतंय. बाईकसुद्धा तासभर पूर्ण पिळून घाट चढवा, मग बघा.

होडीचं ॲव्हरेज आधी तासाला किती लिटर असं मोजायचं. कार्बोरेटरचं फोर स्ट्रोक पूर्ण रेसवर दर १० एचपीमागे तासाला साधारण पावणेचार लिटर घेतं. जुन्या धाटणीचं टू स्ट्रोक पाचच्या आसपास. तुमच्या १२ किलोमीटरला तास लागत असेल तर पाच लिटर अगदी हिशोबात बसतात. इंजिन ठणठणीत आहे. पेट्रोल जातंय ते वेगापायी.

होडी पाणी बाजूला सारत जाते तेव्हा पुढे एक लाट उठते आणि मागे एक. वेग वाढला की ही लाट लांब होत जाते. लाटेची लांबी होडीएवढी झाली की मागची बाजू खड्ड्यात बसते, नाळ (होडीचं पुढचं टोक) वर उचलली जाते आणि तिथून पुढे होडी आपणच उठवलेल्या लाटेवर चढत राहते. हा वेग काढायचं सूत्र सोपं आहे. पाण्याला टेकलेली लांबी फुटांत घ्या, तिचं वर्गमूळ काढा, १.३४ ने गुणा. उत्तर नॉटमध्ये. १६ फुटी होडीचे १४ फूट पाण्यात असतील तर वर्गमूळ ३.७४, गुणाकार ५ नॉट, म्हणजे ताशी सव्वानऊ किलोमीटर.

त्या वेगाच्या आसपास लागणारी ताकद ढोबळमानाने निदान वेगाच्या घनाने वाढते. १२ वरून ८.५ वर या. वेग तीस टक्के कमी, पण लागणारी ताकद जवळपास एक तृतीयांश. तासाला पाचऐवजी दोन लिटर. १२ किलोमीटरला पाऊण तासाच्या जागी… थांबा, नीट लिहितो: एक तासाच्या जागी सव्वा तासाहून थोडं जास्त, साधारण ८५ मिनिटं. पेट्रोल पाचऐवजी पावणेतीन ते तीन लिटर. रोजचे दोनशे रुपये वाचले, एक पैसा खर्च न करता.

मालगुंडकर

वरच्या प्रतिसादाशी सहमत, पण अर्धीच गोष्ट झाली. होडी हलकी आणि इंजिन ताकदीचं असेल तर ती लाट ओलांडून पाण्यावर चढते आणि घसरायला लागते. तिथे परत ॲव्हरेज सुधारतं. सगळ्यात वाईट जागा मधली. नाळ आभाळाकडे, मागे मोठी पांढरी लाट, इंजिन रडतंय आणि होडी काही चढत नाही. आमच्याकडे खाडीत मुलं अशीच चालवतात आणि मग डिझेलवाल्यांसारखा पेट्रोलचाही परतावा मिळावा म्हणतात.

दारणाकाठ, तुमची तीन माणसं, माल, ओली जाळी, होडी, इंजिन धरून पाच-सहाशे किलो सहज होतील. एवढं वजन ९.९ एचपी पाण्यावर चढवणार नाही. चढणार नसेल तर रेस देऊन उपयोग शून्य.

पिंपळगावची_सून

आमच्या ह्यांना दाखवला हा धागा. होडी नाही आमच्याकडे, पण द्राक्षाच्या फवारणीच्या ब्लोअरवरही हेच चालतं. पूर्ण रेस म्हणजे पूर्ण काम, असं डोक्यात बसलंय सगळ्यांच्या.

कडवा_कोळी

माफ करा, पण ही पंख्याखाली बसून केलेली आकडेमोड वाटते. मासळीचा धंदा करणाऱ्याला पंचवीस मिनिटं म्हणजे काय असतं ते सांगतो. उन्हाळ्यात मासा जाळ्यातून काढला की घड्याळ सुरू होतं. घाऊकवाला गाडी घेऊन उभा असतो, उशीर झाला की दुसऱ्याचा माल भरून निघून जातो. शिवाय दुपारकडे पश्चिमेचा वारा सुटला की फुगवट्यात चांगल्या लाटा उठतात, तेव्हा लवकर काठाला लागणं जिवासाठी बरं. दोनशे रुपयांसाठी गिऱ्हाईक घालवणार का?

सातपूरचा_फिटर

@कडवा_कोळी भाऊ, मुद्दा रास्त आहे, त्याला उत्तर द्यायलाच हवं. जाताना होडी रिकामी असते, कुणी वाट बघत नसतं. पंधरा मिनिटं आधी निघा आणि जातानाचा पूर्ण पल्ला हळू जा. तिथेच निम्मी बचत झाली. येताना घाई असेल त्या दिवशी द्या रेस. आणि येतानाही पुठ्ठ्याच्या खोक्यात बर्फाशिवाय मासळी आणण्यापेक्षा थर्माकोलच्या पेटीत बर्फ टाकून आणली तर ती पंचवीस मिनिटं मालाला भारी पडत नाहीत. बर्फाचा खर्च पेट्रोलपेक्षा कितीतरी कमी.

वाऱ्याचं म्हणाल तर शंभर टक्के मान्य. आभाळ बदललं की ॲव्हरेज विसरा आणि काठ गाठा.

कडवा_कोळी

जाताना हळू, हे पटलं. बर्फ आमच्याकडे मिळतो पण लांबून आणावा लागतो.

वल्हेकरी

माझा अनुभव रोइंगच्या पोरांमागे जाणाऱ्या कोचच्या बोटीचा. चांगला खेळाडू एकट्याच्या बोटीत २००० मीटर सातेक मिनिटांत मारतो, म्हणजे ताशी सतरा किलोमीटर, तेही फक्त हाताच्या आणि पायाच्या जोरावर. ती बोट २५ फुटांच्या वर लांब आणि जेमतेम फूटभर रुंद असते, म्हणून ती लाटेत अडकत नाही. मागे कोचची आखूड, रुंद बोट मात्र त्याच वेगाला घटाघटा पेट्रोल पिते. लांबी आणि रुंदीचा फरक डोळ्यांनी बघायचा असेल तर याहून चांगलं उदाहरण नाही.

अवांतर: आपल्या चांदवड तालुक्यातला दत्तू भोकनळ २०१६ ला रिओला याच प्रकारात तेरावा आला होता. दुष्काळी गावातला मुलगा. अभिमान वाटतो.

गोदातीर

दत्तूसाठी टाळ्या! दारणाकाठ दादा, इंजिन विका, वल्ही घ्या 😄

मालगुंडकर

वल्ही तशीही होडीत हवीतच. एकट्या इंजिनाच्या भरवशावर जाऊ नये. आणि पेट्रोलचा जुना नियम: एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला, एक तृतीयांश राखीव. ॲव्हरेज वाचवायच्या नादात कॅनमध्ये मोजकंच पेट्रोल नेऊ नका. लाइफ जॅकेटही अंगात हवं, बसायला उशी म्हणून नको.

मिस्त्री_नाशिकरोड

बरीच आउटबोर्ड हाताखालून गेलीत, त्यावरून सांगतो.

पहिलं, होडी उलटी करून तळ बघा. गोड्या पाण्यात महिनाभर उभी राहिलेली होडी खालून हिरवी होते. हात फिरवला की इडलीच्या पिठासारखा बुळबुळीत थर लागतो. खराट्याने आणि पाण्याने घासून काढा.

दुसरं, होडीत साचलेलं पाणी. तळाच्या फळ्यांखाली बोटभर पाणी दिसतं म्हणून कुणी उपसत नाही. पण १६ फुटी होडीत तेवढंच पाणी पन्नास किलोच्या वर भरतं. रोज एक जास्तीचा माणूस फुकट फिरतोय असं समजा.

तिसरं, इंजिन कुठे टेकलंय. इंजिनाच्या पंख्याच्या (प्रोपेलरच्या) वर जी आडवी पट्टी असते ती होडीच्या तळाच्या रेषेत किंवा किंचित खाली हवी. आउटबोर्ड आखूड दांड्याचं १५ इंची आणि लांब दांड्याचं २० इंची येतं. मागची फळी १५ इंचाची आणि इंजिन लांब दांड्याचं असेल तर पाच इंच लोखंड उगाच पाण्यात ओढत नेताय. उलट केलं तर पंखा हवा खाईल आणि रेस वाढून होडी जागेवरच.

चौथं, कोन. मागे टिल्टची पिन असते, तिला चार-पाच भोकं असतात. नाळ वर उठत असेल तर पिन एक भोक आत घ्या. आणि माणसं मागे घोळक्याने बसू नका, एकाला पुढे पाठवा. सुकाणूचा दांडा धरणारा आणि बिडी ओढणारा दोघंही मागेच बसलेले असतात.

पाचवं, थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिनाचं तापमान राखणारी झडप. तो उघडाच अडकला तर इंजिन थंड चालतं आणि जास्त पेट्रोल खातं. आपल्याकडे अनेकांनी तो काढूनच टाकलेला असतो, 'इंजिन गरम होऊ नये म्हणून'. परत बसवा.

दारणाकाठ

सगळ्यांचे आभार. मिस्त्री काका, इंजिनाची पट्टी बघतो. पंख्याबद्दल कुणी सांगेल का? माझ्या पंख्यावर ९¼ x ९ असं काहीतरी कोरलंय.

सातपूरचा_फिटर

पहिला आकडा व्यास, दुसरा पिच, दोन्ही इंचांत. पिच म्हणजे पंखा एका फेऱ्यात, काहीही न घसरता, किती पुढे जाईल ते.

हिशोब करून बघा. इंजिन ४४०० फेऱ्यांवर, गिअर साधारण दोनास एक, म्हणजे पंखा २२०० फेरे. दर फेऱ्याला ९ इंच, म्हणजे मिनिटाला ५०० मीटर, ताशी ३० किलोमीटर. पंख्याच्या हिशोबाने तुमची होडी ३० ने जायला हवी, जाते १२ ने. म्हणजे साठ टक्के घसरण. थोडी घसरण लागतेच, तिच्याशिवाय जोरच मिळत नाही, पण साठ म्हणजे फार. हा पंखा हलक्या, वेगाने पळणाऱ्या होडीचा आहे.

ओझं वाहणाऱ्या होडीला कमी पिचचा पंखा लागतो, ७ च्या आसपास. पिच एक इंच कमी केला की फेरे साधारण दीडशे-दोनशेनी वाढतात. पुस्तिकेत पूर्ण रेसला किती फेरे यायला हवेत ते दिलेलं असतं, तेवढे पूर्ण माल भरून आले पाहिजेत. फेरे मोजायला प्लगच्या वायरीला गुंडाळायचा छोटा मीटर मिळतो, स्वस्त असतो. कमी फेऱ्यांवर ताण घेऊन चाललेलं इंजिन पेट्रोल तर खातंच, पण पिस्टनलाही मारतं.

निफाडचा_शेतकरी

सगळे इंजिनावर बोलताय, पेट्रोलवर कुणीच नाही! आता पंपावर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं. ॲव्हरेज त्यामुळेच पडलं असणार.

मिस्त्री_नाशिकरोड

थोडंफार, हो. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या दोन तृतीयांश. त्याचा पाचवा हिस्सा म्हटलं की सहा-सात टक्के घट. पाच लिटरमागे तीनशे-साडेतीनशे मिली. अडीचच्या ॲव्हरेजचं खापर त्यावर फोडता येणार नाही.

माझी खरी काळजी वेगळी आहे. इथेनॉल पाणी ओढतं. होडीच्या टाकीचा वरचा स्क्रू उघडा राहतो, इगतपुरीकडच्या पावसाळ्यात हवाच ओली. पाणी जास्त झालं की ते इथेनॉलला घेऊन तळाशी बसतं, आणि नळी नेमकी तळातूनच ओढते. बऱ्याच आउटबोर्डच्या पुस्तिकेत १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असं लिहिलेलं असतं. म्हणून पेट्रोल आठवड्याला लागेल तेवढंच आणा, काम झालं की टाकीचा स्क्रू बंद करा, आणि होडी काही दिवस उभी राहणार असेल तर नळी काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा म्हणजे कार्बोरेटर कोरडा होतो. पेट्रोलच्या नळीवरच्या पिचकारीचा रबरी फुगा मऊ, चिकट लागला तर बदलून टाका.

निफाडचा_शेतकरी

ऊस आमचा, इथेनॉल आमचं, आणि त्रासही आमच्याच होडीला. बरं, पटलं.

रामकुंड_रहिवासी

एक गंभीर मुद्दा मांडतो. जुन्या टू स्ट्रोकमध्ये नवीन पेट्रोल आत येतानाच जळलेला धूर बाहेर ढकलतं, आणि त्यात पाव हिश्शाच्या आसपास पेट्रोल न जळताच बाहेर जातं, ऑइलसकट. आउटबोर्डचा धूर पाण्याखाली सुटतो. म्हणजे दारणाकाठ यांच्या पाच लिटरमधला लिटर-सव्वा लिटर रोज धरणात आणि हवेत. हेच पाणी खाली लोक पितात. ॲव्हरेजचा प्रश्न हा पाण्याचाही प्रश्न आहे. माझ्या मते धरणांत टू स्ट्रोक बंदच व्हायला हवीत.

कडवा_कोळी

शहराचं सांडपाणी नदीत सोडून आम्हाला शहाणपण शिकवू नका राव. आमच्या दहा होड्या म्हणजे किती?

रामकुंड_रहिवासी

भाऊ, सांडपाण्याबद्दल तुमचा राग रास्त आहे, त्यावर मी तुमच्या बाजूने उभा राहीन. पण त्याने हे पेट्रोल पाण्यात जायचं थांबत नाही. मासे त्याच पाण्यात वाढतात.

संपादक

मंडळी, नाशिकचं पाणी कुणी सोडायचं आणि कुणी प्यायचं यावर वेगळे धागे आहेत. इथे होडीवरच राहू या.

चापडगावचा_पक्षीवेडा

नांदूरमध्यमेश्वरला आमच्याकडे वेगळीच अडचण. गोदावरी आणि कडवेच्या संगमावर गाळ आणि पाणवेली. वेल पंख्याला गुंडाळली की इंजिन जोर लावतं आणि होडी हलत नाही. थंड पाणी आत घेणारी जाळी चोंदली की वेगळा ताप. मागून पाण्याची बारीक धार पडते ना, तिच्यावर सतत डोळा ठेवा, ती थांबली की लगेच इंजिन बंद. आणि अभयारण्याच्या पाण्यात इंजिन नकोच. राज्यातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे, आवाजाने बदकं उठतात. मनोऱ्यावरून बघा.

सौरऊर्जावाला

इलेक्ट्रिकबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ९ युनिट ऊर्जा असते. छोट्या आउटबोर्डमध्ये त्यातली दहा टक्क्यांच्या आसपासच होडी ढकलण्याच्या कामी येते. इलेक्ट्रिकमध्ये निम्मी तरी येते. ताशी ८.५ च्या वेगाला या होडीला १२ किलोमीटरसाठी साडेतीन-चार युनिट पुरावीत. ४८ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी म्हणजे जवळपास पाच युनिट. वीजबिल चाळीस-पन्नास रुपये.

मालगुंडकर

कागदावर छान. पण पाचातली चार वापरली तर राखीव काय उरलं? वाऱ्यात अडकला तर? आणि बॅटरीचा आणि मोटरचा सुरुवातीचा खर्च? धक्क्यावर विजेचा खांबसुद्धा नसतो.

सौरऊर्जावाला

राखीवचा मुद्दा बरोबर. दीडपट बॅटरी घ्यावी लागेल आणि खर्च आज जास्तच आहे. पण कमी अंतर असणाऱ्यांनी, आणि पर्यटकांना फिरवणाऱ्यांनी तरी विचार करावा.

दारणाकाठ

मंडळी, मोजून आलो.

लिटरच्या खुणा कॅनवर नीट नव्हत्या, म्हणून माशांच्या काट्यावर कॅन निघताना आणि आल्यावर ठेवला. पेट्रोल लिटरला पाऊण किलो धरलं. नेहमीच्या चालीने पावणेचार किलो, म्हणजे पाच लिटर बरोबर. मग होडी काठावर ओढून तळ घासला, फळ्यांखालचं पाणी उपसलं, पिन एक भोक आत घेतली, धाकट्या भावाला पुढे बसवलं. मोबाइलवर वेग लावून ठेवला आणि साडेआठच्या वर जाऊ दिला नाही. काटा म्हणाला २.२ किलो, तीन लिटरच्या थोडं आत. वेळ पंचवीसेक मिनिटं जास्त. वारा पडलेला होता हेही सांगतो, येता-जाता पाणी आरशासारखं होतं.

मागची लाट बघण्यासारखी होती. आधी पांढरा फेस उसळायचा, आता मागे दोन बारीक रेघा पसरत जातात आणि मध्ये पाणी सपाट. साडेनऊच्या पुढे रेस दिली की नाळ उठते आणि फेस परत सुरू. आकडा बघायचीही गरज नाही.

आता फोर स्ट्रोकचं सांगा. घ्यावं का?

सातपूरचा_फिटर

वा! काट्यावर कॅन, ही युक्ती मी माझ्या पोरांना सांगणार.

फोर स्ट्रोकचा हिशोब आता बदलला. टू स्ट्रोक अर्ध्या रेसवर आणखी वाईट जाळतं, त्यामुळे हळू चालवणाऱ्याला फोर स्ट्रोकचा फायदा टक्क्यांत जास्तच दिसतो. तुमच्या तीन लिटरचे दोन होतील. शिवाय लिटरमागे २० मिली ऑइल मिसळायचा खर्च वाचेल, पण इंजिनातलं ऑइल वेळेवर बदलावं लागेल. म्हणजे दिवसाला शंभर-सव्वाशे रुपये. डीलरने सांगितलेल्या किमतीतून जुन्याचे येतील ते वजा करा, उरलेल्याला सव्वाशेने भागा. जेवढे आले तेवढे मासेमारीचे दिवस. तीन हंगामांत बसत असेल तर घ्या. नाहीतर आधी ७ पिचचा पंखा आणि बर्फाची पेटी.

रामकुंड_रहिवासी

माझा कौल फोर स्ट्रोकला, पाण्यासाठी. सोसायटीने एकत्र तीन-चार घेतली तर किमतीतही घासाघीस करता येईल.

दारणाकाठ

सध्या पंखा मागवला. सोसायटीच्या पुढच्या बैठकीत हा सगळा हिशोब मांडतो. माझं इंजिन आणखी दोन हंगाम तरी काढेल, पण ज्याचं खिळखिळं झालंय त्याने फोर स्ट्रोकच घ्यावं असं माझंही मत झालंय. जाताना हळू हे मात्र आमच्या तीनही होड्यांनी सुरू केलं.

कडवा_कोळी

आम्हीही. घाऊकवाल्याला पंधरा मिनिटं थांबायला लावलं, थांबतो तो.

मिस्त्री_नाशिकरोड

नवा पंखा बसवताना दांड्याला ग्रीस लावा, नटाची कॉटर पिन नवीन टाका. जुना पंखा होडीतच ठेवा, सोबत पाना आणि दोन जास्तीच्या पिना. दारणेत पाणी उतरलं की खडक वर येतात, तेव्हा लागेल.